शाळूवरचा ताण मोजताना जनुकाची बेरीज पुरेशी, की आयसोफॉर्म, म्हणजे एकाच जनुकाचे वेगवेगळे आरएनए-प्रकार, हेही मोजायचे?

दुधनाकाठ
मराठवाड्यातल्या रब्बी ज्वारीवर पाण्याच्या ताणाचा आरएनए-सीक् (पेशीतले सगळे आरएनए यंत्रानं वाचून मोजण्याचा) प्रयोग आखणाऱ्यांशी बोलायचंय. प्रत्येक जनुकाचे एकूण रीड (यंत्रानं वाचलेले छोटे तुकडे) मोजून थांबलात तर काम अर्धंच झालं. भात आणि मक्यातली डीआरईबी2 गटातली, ताणाला तोंड देणारी इतर जनुकं चालू करणारी जनुकं बघा. साध्या स्थितीत ट्रान्सक्रिप्टमध्ये (जनुकावरून उतरलेल्या आरएनएत) एक छोटा जादा तुकडा राहतो, वाचन-चौकट (तीन-तीन अक्षरांचे गट) सरकते, प्रथिन अर्धवट निघतं. ताण आला की तो तुकडा गळलेला, कामाचा प्रकार वाढतो. बेरजेत दोन्ही एकत्र येतात आणि खरा बदल दबतो. क्यूपीसीआरचे (एकेका जनुकाचा आरएनए मोजण्याच्या चाचणीचे) प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे धागे, दोन्ही प्रकारांत सामाईक असतील तर तिथंही तेच.

मन्याड_07
ताई, हे निवडक जनुक झालं. आरएनएतले मधले तुकडे (इंट्रॉन) कापून उरलेले (एक्झॉन) जोडणं म्हणजे स्प्लायसिंग. वनस्पतींत पर्यायी, म्हणजे वेगळ्या तऱ्हेनं होणाऱ्या स्प्लायसिंगचा सगळ्यात मोठा वाटा इंट्रॉन तसाच राहण्याचा, आणि छोट्या रीडमध्ये नेमकं तेच सगळ्यात फसवं. नमुन्यात उरलेला डीएनए, केंद्रकातला न कापलेला प्री-एमआरएनए आणि खरोखर इंट्रॉन राखलेला पक्का ट्रान्सक्रिप्ट, तिन्ही सारखेच दिसतात. पॉली-ए (पक्क्या आरएनएचं शेपूट) न निवडता नुसता रायबोसोमी आरएनए काढून टाकून लायब्ररी (यंत्रात घालायचा नमुना) केली तर गोंधळ आणखी वाढतो.

शिवाय खर्च. जनुकाच्या बेरजेला दर नमुन्याला 2-3 कोटी रीड पुरतात, स्प्लायसिंगला 150 बेसच्या (अक्षरांच्या) जोडरीडमध्ये, म्हणजे तुकडा दोन्ही टोकांकडून वाचून, 5 ते 10 कोटी लागतात. सांध्यावर (एक्झॉन जुळतात तिथं) 6 रीड आणि त्यातले 2 इंट्रॉनवाले म्हणजे 33 टक्के. एक रीड इकडचं तिकडे झालं की थेट 50. त्या पैशात तीनाऐवजी सहा जैविक पुनरावृत्त्या (वेगवेगळ्या झाडांचे नमुने) घ्या.

दुधनाकाठ
पुनरावृत्त्या वाढवा, त्याला माझा विरोध नाहीच. पण सांध्यावर किमान 20 रीड आणि निदान 10 टक्क्यांचा फरक ही अट घातली की असले आकडे आपोआप गळतात. आणि त्याच जनुकातले बाकीचे इंट्रॉन बघा ना. डीएनए मिसळला असेल तर सगळेच थोडेथोडे वाढतील. एकच वाढला आणि शेजारचे जागच्या जागी असतील, तर दोष मिसळणीवर ढकलता येत नाही.

काळी_कसदार
दोघांनीही आरटी-पीसीआरचा (आरएनएचा डीएनए करून, तो वाढवून जेलवर पाहण्याचा) विषय टाळलाय. इंट्रॉन राखलेल्या प्रकाराचा पट्टा आणि डीएनएचा पट्टा एकाच लांबीचे येतात. म्हणून डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं विकर) न घातलेली नळी, दोन्ही हवंच. त्याहून पक्कं करायचं तर एक प्रायमर शेजारच्या, आधीच जुळलेल्या एक्झॉन-सांध्यावर बसवा, म्हणजे डीएनए वाढतच नाही. पीसीआरची 35 चक्रं चालवू नका: लहान तुकडा भराभर वाढतो आणि प्रमाण बिघडतं. 25 ते 28 चक्रांत थांबा. जेलवर वर तिसरा पट्टा दिसला तर नवा आयसोफॉर्म म्हणून नाचू नका, बऱ्याचदा तो लांब-आखूड धाग्यांची मिश्र जोडी असतो. हिरव्या पानात हरितलवकाचा आरएनए असल्यानं आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा 10 पैकी गुण) कमी दाखवतो. 7 आला तर नमुना फेकू नका.

मन्याड_07
सांध्यावरचा प्रायमर उत्तम, पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही. इंट्रॉन ओळीनं कापले जात नाहीत, काही सावकाश निघतात. शेजारचा गेलाय आणि हा बाकी आहे, असा रेणू केंद्रकातच अडकलेला असू शकतो. केंद्रक आणि पेशीद्रव वेगळं करून मोजल्याशिवाय प्रथिनाबद्दल बोलू नये.

दुसरं, परभणीत डिसेंबरात रात्रीचा पारा 10 अंशांखाली जातो आणि थंडीनंही स्प्लायसिंग बदलतं. कोरडं रान आणि भिजवलेलं रान रात्री सारखं थंड होत नाही. मग बदल पाण्याचा की थंडीचा?

दुधनाकाठ
थंडीचा मुद्दा एकदम रास्त. पानाचं तापमान दोन्ही रानांत नोंदवायलाच हवं. नमुने तारखेवर न घेता अवस्थेवर घ्या, कारण ताणात निसवण मागंपुढं होते आणि एक रान पोटरीत असताना दुसरं फुलोऱ्यात असू शकतं. दोन्हीकडची पानं दिवसाच्या एकाच वेळी तोडा, जैविक घड्याळानंही स्प्लायसिंग हलतं.

पण अडकलेला रेणू मोजण्यालायक नाही, हे मी मानत नाही. तो केंद्रकात आहे तोवर त्याचं प्रथिन होत नाही. बेरीज सांगेल ‘बदल नाही’ आणि प्रथिन घटलेलं असेल. अडवून ठेवणं हेही नियंत्रणच आहे.

मन्याड_07
अडवलंय, की ताणात कापण्याची यंत्रणाच मंदावली? निवडक इंट्रॉनच वाढतात हे केंद्रकाच्या नमुन्यात दाखवा, मग मानतो.