मदत हवी आहे: सही न येणारी बाई निरक्षरच धरायची का?

नमस्कार मंडळी, सतराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन (इंग्लंडहून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंटांच्या) वस्त्यांच्या शिक्षणावर एक टिपण लिहितेय आणि एका जागी गाडी अडलीय.

कायद्यांचं चित्र स्पष्ट आहे. 1642 मध्ये मुलांना वाचायला शिकवण्याची जबाबदारी आईवडील आणि (मुलं ज्यांच्याकडे काम शिकायला असत त्या) मालकांवर टाकली. 1647 मध्ये 50 कुटुंबांच्या गावाला लिहिणं-वाचणं शिकवणारा शिक्षक नेमणं आणि 100 कुटुंबांच्या गावाला लॅटिन शाळा काढणं सक्तीचं केलं. शाळा नाही काढली तर पाच पौंड दंड, तोही जवळच्या शाळेला द्यायचा! (ही शक्कल मला भारी आवडली.) हेतू अर्थात धार्मिक: बायबल स्वतः वाचता आलं की सैतान माणसाला फसवू शकणार नाही.

अडचण पुढेच आहे. त्या काळची साक्षरता मोजतात मृत्युपत्रांवरच्या सह्यांवरून. पण तिथे वाचन आधी आणि लेखन नंतर, वेगळं शिकवत. एखादी बाई चूल सांभाळता सांभाळता आपल्या घरीच मुलांना शिकवायची; तिथे मूठ असलेल्या लाकडी फळीवर चिकटवलेली अक्षरं (वर शिंगाचा पातळ पापुद्रा) मुली गिरवायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या. लेखणी बहुधा मुलग्यांच्याच हाती. म्हणजे सहीच्या जागी फुली मारणारी बाई रोज बायबल वाचत असू शकते.

मग बायकांचं वाचन मोजायला सह्यांखेरीज कोणती साधनं वापरतात? मालमत्तेच्या याद्यांमधली पुस्तकं, चर्चच्या नोंदी? या विषयातलं कोणी असेल, किंवा बॉस्टनकडच्या अभिलेखागारात काम केलेलं, तर प्लीज सांगा.