मुलाची कंबर बॉलिंग करताना डावीकडेच दुखते. अ‍ॅक्शन बदलावी का?

मिरजेची_आई
मुलगा १५ वर्षांचा, वजन ५२ किलो, उजव्या हाताने फास्ट टाकतो. दिवाळीपासून सीझन बॉल सुरू झाला. महिनाभर कंबर दुखतेय, फक्त डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवतो अशी एकाच जागी. पुढे वाकला तर काही नाही. काल फळीवरचा डबा काढायला हात वर करून जरा मागे झुकला आणि तसाच थबकला, डबा हातात धरून. एक्स-रेत काही निघालं नाही. सर म्हणतात ताकद कमी पडते, जिमला घाला, वेगही वाढेल. रोज दहा ओव्हर टाकतो. काय करू?

फिजिओ_कोल्हापूर
ताई, आजपासून बॉलिंग बंद. उजव्या हाताच्या बॉलरला डावीकडे एका जागी, मागे वाकल्यावर कळ येत असेल तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडायला लागल्याची शंका घ्यायचीच. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा, एमआरआय करून घ्या.

ताकदीचं नंतर बघू. पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा जमिनीकडून वजनाच्या पाचपट, कधी त्याहून जास्त धक्का उलटा वर येतो. तुमच्या मुलाला अडीचशे किलोच्या वर, आणि दहा ओव्हरमध्ये साठ वेळा! त्याच क्षणी पाठ मागे कललेली, डावीकडे झुकलेली आणि पिळलेली असली की तो भार कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या डाव्या बाजूने सोसायचा. या वयात ते हाड अजून भरलेलं नसतं. माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा बहुतेकांना आधी 'अंगावर काढ' असंच सांगितलेलं असतं. फार वाईट वाटतं.

बॉलिंगचा जुना व्हिडिओ आहे का? मागचा पाय टेकतो तिथे थांबवून बघा, खांदे आणि कंबर एकाच दिशेला आहेत का? दोन्ही आडवे, म्हणजे बॅट्समनकडे बाजू करून असले तर ठीक, दोन्ही बॅट्समनकडे तोंड करून असले तरी ठीक. कंबर समोर आणि खांदे आडवे, ही मिक्स्ड अ‍ॅक्शन पाठ मोडते.

जुना_मध्यमगती
अ‍ॅक्शन बदलली तर बॉलर संपतो, असं मनात आणू नका. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली, त्याच्या पाठीत १९७३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे अशाच चिरा निघाल्या. त्याने व्यायामाने शरीर नव्याने बांधलं, अ‍ॅक्शन सुधारली आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये पुन्हा इंग्लंडला हैराण केलं. पुढे १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशन या फास्ट बॉलिंगच्या अकादमीमध्ये तोच शिकवायला होता. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान तिथेच घडला.

मिरजेची_आई
एमआरआय झाला. शेवटच्या मणक्याला डावीकडे सूज आहे, चीर अजून पडलेली नाही. डॉक्टरांनी तीन महिने बॉलिंग बंद केली. व्हिडिओही बघितला. मागचा पाय टेकला तेव्हा कंबर बॅट्समनकडे होती, आणि तिथून पुढचा पाय पडेपर्यंत खांदे आणखी मागे वळत गेले. आम्ही दोघांनी वीस वेळा तरी मागे-पुढे करून पाहिलं. तो एकच विचारतो, वेग जाईल का?

फिजिओ_कोल्हापूर
सूज असतानाच सापडलं, फार बरं झालं. वेगाचं त्याला असं सांगा: रनअपमध्ये मिळवलेली धाव पुढच्या पायाने अडवायची. गुडघा ताठ राहिला की खालचं शरीर थांबतं आणि वरचं त्याच्यावरून पुढे फेकलं जातं. खांदे जास्त मागे पिळून वेग मिळत नाही. बंदीच्या काळात डॉक्टरांनी परवानगी दिली की प्लँक, कुल्ल्यांचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करू. मग आधी चालत येऊन, बॉल न घेता, मागचं पाऊल आडवं टाकायची सवय. जर्सीवर खांद्याला आणि कमरेला पांढरी टेप आडवी लावा आणि मागून शूट करा, म्हणजे त्याचं त्यालाच दिसेल. नेटमध्ये परतल्यावर बॉल मोजायची वही तुमच्याकडे ठेवा, सरांकडे नको.

मिरजेची_आई
वही आणली. पहिल्या पानावर त्यानेच तारीख घातलीय आणि पुढे शून्य लिहिलंय.