कॉमन ब्लू अपोलो की कॉमन रेड अपोलो?

प्रश्न : उत्तराखंडात तुंगनाथच्या वाटेवर, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, धुरकट पांढऱ्या पंखांचे आणि काळ्या कडांत तांबडे ठिपके असलेले एक फुलपाखरू दगडावर ऊन खात बसलेले आढळले. ते कॉमन रेड अपोलो मानावे की कॉमन ब्लू अपोलो? तांबडे ठिपके तर दोहोंतही असतात.

उत्तर १ : नावावर जाऊ नका, कारण तांबड्या ठिपक्यांवरून या दोघांचा निवाडा होत नाही. मागच्या पंखाच्या बाहेरच्या कडेलगत काळ्या ठिपक्यांची रांग असते. त्या ठिपक्यांच्या मधोमध निळा रंग दिसला तर कॉमन ब्लू अपोलो, निळ्याचा मागमूस नसेल तर कॉमन रेड अपोलो. छायाचित्र मोठे करून नेमकी तीच कड तपासा.

उत्तर २ : वरील खूण योग्यच आहे, पण निळे ठिपके रीगल अपोलोलाही असतात, एवढे ध्यानात ठेवावे. तो आकाराने मोठा असतो, त्याच्या मागच्या पंखावर एक ठळक तांबडा डोळा असतो आणि पुढच्या पंखावर तांबडा रंग मुळीच नसतो.

प्रश्नकर्ता : कडेला निळे ठिपके स्पष्ट आहेत, पुढच्या पंखावरही तांबडे आहेत. पोटाखाली मात्र मेणासारखे काहीतरी चिकटलेले दिसते.

उत्तर १ : मग ही कॉमन ब्लू अपोलोची मादी. मीलनानंतर नर तिच्या पोटाच्या टोकाशी स्राव सोडतो आणि तो घट्ट होऊन दुसऱ्या नराची वाट अडवतो.