शब्दचर्चा: ‘कॉलनिस्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

ओलीमाती: एका छोट्या अंकाला ‘रिमवर्ल्ड’ या व्हिडिओ गेमवर लेख दिला होता. यान कोसळून तीन माणसं परक्या ग्रहावर पडतात, त्यांच्याकडून घर, शेत, कुंपण करून घेत आपण जम बसवायचा. असल्या गेमना कॉलनी सिम्युलेशन म्हणतात. मी कॉलनिस्टला ‘वसाहतकार’ लिहिलं. छापून आलं, तर सगळीकडे ‘वसाहतवादी’! ‘तीन वसाहतवादी बटाटे लावतात आणि टेबलाशिवाय जेवावं लागलं म्हणून खट्टू होतात.’ (टेबल नसलं की त्यांचा मूड जातो, हे गेममध्ये खरंच आहे.) संपादक म्हणतात, रूढ शब्द हाच. तुम्ही काय म्हणाल?

जुनीवही: वसाहतवादी म्हणजे इंग्रज. बटाटे लावणारा तो वसाहतकारच. पण सिम्युलेशन कशाला ठेवलंत? अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद चालते ना? ‘अभिरूप वसाहत’ करा.

लेआउटवाला: हे ऐकून पोरगं गेम बंद करून अभ्यासाला बसेल! बाकी आमच्या नागपुरात कॉलनीला लेआउट म्हणतात. तुमचे ते तिघे लेआउटवाले.

पाटावरवंटा: भातुकली म्हणा की सरळ.

जुनीवही: भातुकलीत कुणी मरत नाही, ताई.

पाटावरवंटा: आमच्या भातुकलीत भाऊ मुंगळे सोडायचा. रोज कुणीतरी मरायचं.

ओलीमाती: मुंगळ्यांवरून आठवलं. सुरुवातीला मला हे गेम अजिबात आवडले नव्हते. जिंकायचं कधी, तेच कळेना. मग ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ खेळले. दोन भावांनी केलेला, 2006 साली आलेला. कित्येक वर्षं त्यात चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं आणि चिन्हं. सात बुटके घेऊन डोंगर पोखरायचा. मी नदीच्या कडेला खणलं आणि सगळे बुडाले. ‘हरण्यात मजा आहे’ हेच त्या गेमचं ब्रीद, पण मला ते पटलं चौथ्यांदा बुडाल्यावर. लहानपणी दिवाळीचा किल्ला करायचो तेव्हा मावळे लावून झाले की पुढे काय करायचं असायचं? मांजर येऊन बुरूज पाडायची, आम्ही परत चिखल कालवायचो. तीच गंमत. आता मी डाव जिंकायला बसतच नाही, कोण कुणावर रुसलंय ते बघत बसते.

शेपूटमोड्या: मुळात ‘वसाहत’ मराठी आहे का? नजाकत, शराफत, तशी वसाहत. फारसी असणार.

जुनीवही: शेपटावरून कूळ ठरवू नका. वसणे, वस्ती, वसाहत. धातू ‘वस्’.

शेपूटमोड्या: मग ‘आहत’ कुठून आलं? ‘बसणे’वरून बसाहत का होत नाही?

जुनीवही: आपण तिथे बसून राहा, होईल.

वारणाकाठ: मला तर खेळाला ‘वसाहत’ नकोच. आमचं गाव चांदोली धरणात गेलं. खाली जागा मिळाली, ती ‘वसाहत’. तिसरी पिढी आली, देऊळ झालं, शाळा झाली, तरी शेजारच्या गावातले आम्हाला ‘वसाहतीतले’च म्हणतात. माणूस गाव ‘वसवतो’. वसाहत त्याला दिली जाते. एमआयडीसीची औद्योगिक वसाहत घ्या, तिथेही तेच.

ओलीमाती: हे डोक्यातच आलं नव्हतं. मग ‘वस्ती’ चालेल?

वारणाकाठ: वस्ती म्हणजे आमच्याकडे रात्रीचा मुक्काम. पाहुणा वस्तीला येतो, सकाळी जातो.

पाटावरवंटा: हो हो, वस्तीची एसटी! ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या ओसरीवर झोपायचे, आई त्यांना पिठलं-भाकरी द्यायची.

लेआउटवाला: टेबलाशिवाय?

पाटावरवंटा: पाटावर! आणि कोणी खट्टू झाल्याचं आठवत नाही.

शेपूटमोड्या: आमच्याकडे तिला मुक्कामी गाडी म्हणतात. वस्तीची गाडी नक्की कुठल्या भागात म्हणतात?

वारणाकाठ: शिराळ्यापासून खाली सगळीकडे. पहाटे साडेपाचला सुटायची.

पाटावरवंटा: आमची सहाला. अजून येते का हो तुमच्याकडे?