दहा कामगारांच्या अटीमुळे परप्रांतीय कामगार नव्या कायद्यातून निसटतो का?

हजेरीपट

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. बडोद्याच्या उद्योजकांमधली चर्चा मात्र जवळजवळ सगळी पगाराच्या नव्या व्याख्येभोवती फिरते आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग पगारात धरायचा आणि त्यामुळे पीएफ व ग्रॅच्युइटी किती वाढणार. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची हजेरी आणि पगारपत्रके मी सांभाळतो, त्यामुळे हा हिशेब मलाही चुकलेला नाही; तरीही मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेल्या कामगारांचा आहे.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत आणलेल्यालाच आंतरराज्य स्थलांतरित मानले होते. चार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने स्वतःहून आलेल्या आणि दरमहा १८,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारालाही त्या व्याख्येत घेतले, त्याला गावी जाऊन येण्याचे एकरकमी भाडे देऊ केले आणि मूळ राज्यात किंवा कामाच्या राज्यात रेशन घेण्याची मुभा दिली. याचे मी मनापासून स्वागत करतो. पण जुना कायदा असे पाच कामगार असले की लागू होत असे. नव्या संहितेतले हे प्रकरण दहा परप्रांतीय असल्याशिवाय लागू होत नाही. चौदा माणसांच्या वर्कशॉपमध्ये सहा जण बिहारचे असतील तर ते व्याख्येत बसतात आणि हक्कातून सुटतात. शिवाय मासिक पगाराच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता जुन्या कायद्यात होता, तो आता उरलेलाच नाही. दहाची ही अट काढून टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे.

लेथवाला

मत मांडण्यापूर्वी आमच्यासारख्यांची बाजूही पाहावी. आम्ही मोठ्या कंपन्यांचे जॉबवर्क करतो; लहान उद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे असा कायदा असूनही पैसे वेळेवर येतीलच याची खात्री कोणी देत नाही, आणि पगार मात्र ठरल्या तारखेलाच द्यावा लागतो. पूर्वी नोंदणी, विवरणपत्रे आणि तपासणी वेगवेगळ्या कायद्यांखाली होत असे, ती एका जागी आली हा मला खरा दिलासा वाटतो. त्यात परप्रांतीय कामगारापुरता वेगळा खर्च सरसकट लादला तर मालक सरळ जवळच्या जिल्ह्यातला माणूस घेईल आणि ज्याच्यासाठी आपण भांडता आहात त्याचेच काम जाईल. दहाची अट त्या कामगाराचेही रक्षण करते, असे मी म्हणेन.

न्यायमंदिर परिसर

वकिलीच्या निमित्ताने अशी प्रकरणे पाहतो, म्हणून लिहितो. लेथवाला ज्याला जवळच्या जिल्ह्यातला माणूस म्हणतात, तो बहुतेक वेळा गुजरातच्याच दाहोदचा असतो, आणि या व्याख्येची खरी अडचण तिथेच आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ किंवा अलीराजपूरहून आलेला आदिवासी कामगार आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकतो. त्याच्याच बोलीचा, सीमेच्या अलीकडचा दाहोदचा कामगार मात्र ठरत नाही, कारण त्याने राज्य ओलांडलेले नाही. दोघेही पोराबाळांसह त्याच बांधकामावर प्लास्टिकच्या आडोशाखाली राहतात. तेव्हा फक्त दहाची अट काढून भागणार नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनाही मिळते. वेतन संहितेला कामगारसंख्येची अट नाही; किमान वेतन सर्वांना आहे आणि काम सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करण्याचे बंधन एक माणूस ठेवणाऱ्यावरही आहे. आपल्याकडे मजुरी मागे ठेवून माणसाला अडकवण्याची जी रीत आहे, तिच्यावर हे कलम नेमके बोट ठेवते.

हजेरीपट

दाहोदचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लेथवाला यांच्या युक्तिवादाला मात्र माझा विरोध आहे, कारण अट दहाची असली की नोंदवहीत परप्रांतीय नऊच राहतील याची काळजी घेतली जाते. बहुतेक हजेरीपत्रकांत पत्त्याच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच मजकूर असतो: मकरपुरा गाव, भाड्याची खोली. मूळ गाव, जिल्हा, राज्य यांचा रकानाच नसतो, मग दहा भरले की नाही हे ठरवणार कोण? टाळेबंदीत घरी निघालेले किती कामगार वाटेत मरण पावले याची आकडेवारी नसल्याचे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले, आणि ही संहिता त्याच महिन्यात संसदेने संमत केली. ज्यांची मोजदाद नव्हती त्यांच्यासाठी केलेल्या कायद्यात मोजदादीचीच अट घालणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

लेथवाला

नऊवर थांबवण्याचा आरोप सर्व मालकांवर करू नये. नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही. नेमणूकपत्र तर आता द्यायचेच आहे, त्यात मूळ गाव आणि घरच्यांचा फोन लिहायला एक ओळ पुरते. मशीनवर कोणाचा हात सापडला तर रात्री त्याच्या घरी कोणाला कळवायचे, हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे. माझा आक्षेप गावी जाऊन येण्याच्या भाड्यापुरता आहे. सरकारला ते द्यायचे असेल तर त्याने ते बांधकाम मजुरांसाठी गोळा होणाऱ्या उपकरासारख्या एखाद्या सामाईक निधीतून द्यावे, दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपच्या गल्ल्यातून नव्हे.

न्यायमंदिर परिसर

नेमणूकपत्राबाबत एक दुरुस्ती आवश्यक आहे. ते बंधन याच सुरक्षा संहितेतले आहे आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला ही संहिता सर्वसाधारणपणे लागूच होत नाही. आठ माणसांच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला ते पत्र मालकाच्या इच्छेवरच मिळेल. निधीची सूचना मात्र विचार करण्यासारखी आहे, कारण त्या वाटेने दाहोदच्या कामगारालाही भाडे देता येईल.

हजेरीपट

निधीला माझी हरकत नाही, पण तो उभा राहीपर्यंत पाचची जुनी अट तरी परत आणावी. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यालाही तशी दुरुस्ती करता येते. माझ्याकडच्या कारखान्यांच्या हजेरीपत्रकात मूळ जिल्हा आणि राज्य असे दोन रकाने मी पुढच्या महिन्यापासून घालणार आहे, दाहोदच्या कामगारांसाठीसुद्धा. लेथवाला यांनी आपल्या नेमणूकपत्राचा मसुदा इथे टाकल्यास तो मी इतर मालकांना दाखवेन.