१८ वर्षांचा डिफेन्समन एनएचएलसाठी तयार आहे का, हे कशावरून ठरवायचं?

भाच्याचा_मामा:

माझा भाचा ओएचएल या कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकी लीगमध्ये डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, आहे. वय १८, उंची सहा फूट एक इंच, वजन ८४ किलो. जूनमध्ये एनएचएलच्या (सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या फेरीत निवडला गेला, सप्टेंबरमध्ये त्या संघाच्या सराव-कॅम्पला जाईल. करारावर अजून सही केलेली नाही. घरात दोन तट पडलेत. एजंट म्हणतो, पोरगं तयार आहे, वेळ दवडू नका. ज्युनियरचे कोच म्हणतात, अजून एक वर्ष इथेच खेळू द्या. ताईने मला विचारलं, कारण घरात सगळ्यात जास्त हॉकी मी बघतो. पण माझं बघणं चाहत्याचं. गेल्या हंगामात त्याने पन्नासच्या वर पॉइंट्स (गोल आणि गोलसाठीचे पास) केले, पॉवर प्ले (समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ) तोच चालवतो, स्केटिंग बघत राहावं असं. जाणकार लोक नेमकं काय बघून ठरवतात?

निळीरेषा:

मामा, मी ज्युनियर संघासाठी व्हिडिओचं काम करते आणि डिफेन्समन हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

पॉइंट्स आधी बाजूला ठेवा. त्यातले पॉवर प्लेवरचे किती, ते मोजा. वरच्या लीगमध्ये पॉवर प्ले दुसऱ्याच कोणाकडे असतो. नवख्या डिफेन्समनच्या वाट्याला तिसऱ्या जोडीतली बारा-तेरा मिनिटं येतात. त्या मिनिटांत त्याच्याकडून काय हवं असतं? पक (खेळातली चकती) आपल्या झोनमधून, म्हणजे आपल्या गोलाकडच्या भागातून, धड बाहेर काढणं.

म्हणून मी सगळ्यात आधी एकच प्रसंग बघते. प्रतिस्पर्ध्याने पक त्याच्या मागे कोपऱ्यात टाकलाय, तो वळून पकाकडे निघालाय. पक काठीला लागण्याआधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो? सरावलेला डिफेन्समन दोनदा बघतो. एकदा लांबून, एकदा अगदी जवळ पोचल्यावर. पहिल्या नजरेत त्याला पहिला फोरचेकर (पक हिसकावायला अंगावर येणारा गडी) कोणत्या खांद्याकडून येतोय ते कळतं, दुसऱ्या नजरेत दुसरा फोरचेकर बोर्ड्सपाशी (रिंकभोवतीच्या भिंतीपाशी) पोचलाय का ते. ज्युनियरमध्ये हा दुसरा गडी बऱ्याचदा उशिरा येतो. त्यामुळे उत्तम स्केटिंगवाला मुलगा न बघताही नेटमागून वळसा मारून सुटतो आणि गॅलरीतून बघणाऱ्याला वाटतं, केवढं शांत डोकं! व्यावसायिक खेळात तो वळसा बंद झालेला असतो. तिथे मागे न बघता गेलेला मुलगा घाईने पक बोर्ड्सला घासून पुढे ढकलतो, तो समोरच्याच्या डिफेन्समनच्या काठीवर जातो आणि पुढचं मिनिटभर पाचही जण आपल्याच झोनमध्ये अडकतात.

तुम्ही घरी एक करून बघा. त्याच्या सामन्यांचा शिफ्टवार (बर्फावरच्या प्रत्येक पाळीचा वेगळा) व्हिडिओ संघाकडे असतो, तो मागवा. पकाला काठी लागण्याच्या क्षणभर आधी व्हिडिओ थांबवा, पडदा झाका आणि विचारा, बाकीचे कोण कुठे आहेत? पास कुठे देणार होतास, आणि तो अडला असता तर? ज्याच्या डोक्यात चित्र तयार असतं तो पटापट सांगतो. ज्याच्या नसतं, तो 'मग मी सुटलो ना!' म्हणतो.

दुसरी गोष्ट अंतराची. समोरचा पक घेऊन वेगात येतो तेव्हा ब्लू लाइनवर (आपल्या झोनच्या सीमेवर) आपल्या मुलात आणि त्याच्यात किती अंतर आहे? वेगाची धास्ती असलेला मुलगा मागे मागे सरकत राहतो आणि शूट मारायला जागा देऊन बसतो. हे सलग दुसऱ्या रात्रीच्या सामन्यात, तिसऱ्या पिरियडमध्ये बघा. दमलेल्या पायांवर खरं अंतर दिसतं.

आणि कॅम्पमधल्या पहिल्या सराव-सामन्यांवरून हुरळून जाऊ नका. त्यात समोर एएचएलचे (एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग) आणि ज्युनियरचेच बरेच खेळाडू असतात. शेवटच्या एक-दोन सामन्यांत मुख्य संघ उतरतात. तिथे त्याला खेळवलं, तर त्याकडे लक्ष द्या.

तिसरी_जोडी:

निळीरेषा, तुमचं निरीक्षण पटतं, पण वयाची एवढी भीती कशाला? एरन एकब्लाड २०१४ ला पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, १८व्या वर्षी थेट फ्लोरिडाकडून खेळला, ८१ सामन्यांत ३९ पॉइंट्स आणि काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवख्या खेळाडूची). मुलात दम असेल तर वरच्या वेगातच तो शिकेल. ज्युनियरमध्ये आणखी एक वर्ष सगळ्यांना वळसे मारत राहिला, तर त्याच सवयी पक्क्या होतील. हा तोटा कोणी मोजतच नाही.

निळीरेषा:

सवयींचा मुद्दा बरोबर आहे, माझीही तीच काळजी असते. पण एकब्लाडला १५व्या वर्षीच खास परवानगीने ओएचएलमध्ये घेतलं होतं. एनएचएलला पोचला तेव्हा त्याच्या गाठीशी ज्युनियरचे तीन पूर्ण हंगाम होते आणि शरीर मोठ्या माणसाचं होतं.

उलट केल मकार बघा. २०१७ ला चौथ्या क्रमांकावर निवड झाली, तरी तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून दोन हंगाम खेळला. २०१९ च्या एप्रिलमध्ये थेट एनएचएलच्या प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. पुढच्या हंगामाची काल्डर त्याची, २०२२ मध्ये नॉरिस (सर्वोत्तम डिफेन्समन) आणि कॉन स्माइथ (प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही. मोरिट्झ साइडर २०१९ ला सहावा निवडला गेला. आधी एएचएल, मग स्वीडनची लीग, आणि त्यानंतर एनएचएलमध्ये डेट्रॉइट. त्यालाही २०२२ मध्ये काल्डर मिळाली. थांबल्याने दोघांचं काहीच बिघडलं नाही.

मामा, तुमच्या भाच्याची खरी अडचण वेगळी आहे. तो ओएचएलमधून ड्राफ्ट झालाय, त्यामुळे १८व्या वर्षी हंगाम चालू असताना त्याला एएचएलमध्ये पाठवता येत नाही. एनएचएल नाहीतर परत ज्युनियर. साइडरला मिळाली तशी मधली पायरी त्याला या वर्षी नाही.

भाच्याचा_मामा:

व्हिडिओ मागवला, काल रात्री दोघं बसलो. डाव्या कोपऱ्यातल्या पकांवर त्याने सगळं अचूक सांगितलं, अगदी सेंटर कोणत्या बाजूने खाली येतोय तेही. उजव्या कोपऱ्यात मात्र अडखळला. दोन-तीनदा 'आठवत नाही' म्हणाला. आणि ती 'नऊ सामन्यांची' भानगड काय आहे?

तिसरी_जोडी:

१८-१९ वर्षांच्या मुलाने सही केली आणि एनएचएलमध्ये नऊपर्यंतच सामने खेळले, तर त्याचा तीन वर्षांचा पहिला करार एक वर्ष पुढे सरकतो. दहावा खेळला की पहिलं वर्ष मोजलं जातं. म्हणून नऊ सामने खेळवून परत पाठवलं, तर तो अपमान समजू नका, संघ हिशेब बघतोय. पण सहीची घाईही करू नका. २०२५ च्या ऑगस्टपासून ओएचएल खेळलेल्या मुलांनाही अमेरिकी कॉलेज हॉकीची दारं उघडलीत. एनएचएलच्या करारावर सही केली की तो रस्ता बंद. एजंटला हे स्पष्ट विचारा. कॉलेजात सामने कमी आणि जिमला वेळ जास्त, ८४ किलोच्या मुलाला त्याचा फायदाच. शिवाय समोर वीस-बावीस वर्षांचे गडी असतात, निळीरेषा म्हणतात ते वळसे तिथे चालायचे नाहीत.

निळीरेषा:

हे तिसरी_जोडी यांनी बरं सांगितलं, मीही याच बाजूची आहे. मुलगा हुशार दिसतोय, पण या सप्टेंबरला एनएचएलसाठी तयार नाही असं माझं मत. उजवा कोपरा हेच त्याचं कारण. तो डाव्या हाताने शूट करत असेल, तर त्या बाजूला पक त्याच्या बॅकहँडवर (काठीच्या उलट्या बाजूवर) येतो आणि त्याची पाठ पूर्ण रिंककडे होते. कॅम्पमध्ये त्याला नक्की उजव्या बाजूलाही खेळवून बघतील. तोवर रोज वीस मिनिटं फक्त तेवढंच करायला सांगा: उजव्या कोपऱ्यात पक, मागून एक जण अंगावर येणारा, आणि त्याने दरवेळी हाताची वेगवेगळी बोटं दाखवायची. पकाला काठी लागण्याआधी भाच्याने मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं. आणि उजव्या कोपऱ्यातल्या क्लिप्स मला पाठवा, त्याची हरकत नसेल तर.