मदत हवी आहे: फ्रिज नाही, महिना २५०० रुपये, प्रथिनं कशी भागवू?

पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. एक इंडक्शन, तीन लिटरचा कुकर, बस. मेस सोडली, आमटीत डाळ शोधावी लागायची! आता रोज रात्री मूगडाळीची खिचडी, सकाळी तीच गार, वर मूठभर शेंगदाणे. भाकरी थापता येत नाही, तो सल्ला नको. खोलीत अंडी आणलेली मालकांना चालत नाहीत.

सोयाबीन वड्या आणल्या. १०० ग्रॅममध्ये साधारण ५२ ग्रॅम प्रथिनं, स्वस्तही. पण रोज खाल्ल्या की पोट फुगतं. मटकीला मोड आणले, तर या उकाड्यात दुसऱ्या दिवशी फडकं उघडताच आंबूस वास, बोटांना तार.

दोनच गोष्टी सांगा: मोड फ्रिजशिवाय दोन दिवस कसे टिकवायचे? आणि वड्या न बाधता आठवड्यातून किती वेळा, कशा शिजवून खाता?